सतरा नंबर फॉर्म भरून दहावी : अर्धवट सुटलेली शाळा पुन्हा धरणाऱ्यांसाठी

मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. आई-वडील ऊसतोडीला जायचे. नववीत असताना धाकट्या भावाला सांभाळायला मलाही कारखान्यावर जावं लागलं आणि शाळा सुटली ती सुटलीच. पुढे लग्न, लेकरं. बचत गटाचे हिशेब मी दहा वर्षं लिहिले, पण गटाच्या कामातली मानधनाची एक जागा निघाली तेव्हा पहिला प्रश्न आला, "दहावी आहे का?" तेहतिसाव्या वर्षी मी शाळेत न जाता दहावीला बसायचा सतरा नंबर फॉर्म भरला. एक वर्ष कागदांत गेलं, दुसऱ्या वर्षी परीक्षा दिली, गणित राहिलं, ते पुरवणी परीक्षेत निघालं.

त्यानंतर आसपासच्या गावांतल्या बऱ्याच बाया आणि पोरांचे फॉर्म मी सोबत बसून भरले. अभ्यास झेपला नाही म्हणून मागे फिरलेले फार थोडे निघाले. बहुतेकांची परीक्षा हुकली ती दाखला सापडला नाही, तारीख गेली, नाव जुळलं नाही, असल्या कारणांनी. म्हणून या लेखात कागद आणि तारखा आधी घेतल्या आहेत, पुस्तकं नंतर.

१. दहावी कशासाठी हवी ते आधी ठरवा

हा प्रश्न टाळून पुढे जाऊ नका, कारण रस्ता आणि विषय यावरच ठरतात. आयटीआयला जायचंय, बारावी करून पोलीस भरतीला उतरायचंय, की परदेशी कामाला जाण्यासाठी पासपोर्ट काढायचाय? (दहावी पास असलेल्याच्या पासपोर्टवर 'इमिग्रेशन तपासणी आवश्यक' हा शिक्का लागत नाही. आखाती देशांत जाणाऱ्या पोरांना याचा मोठा उपयोग होतो.)

एक उदाहरण देते. टपाल खात्यातल्या ग्रामीण डाक सेवकाच्या जागेला दहावी लागते, पण त्या दहावीत गणित आणि इंग्रजी असावं लागतं आणि स्थानिक भाषाही शिकलेली असावी लागते. गणिताच्या भीतीने कुणी गणित सोडून दहावी केली, तर सर्टिफिकेट हातात येतं आणि ही जागा मात्र हातची जाते. आमच्या ओळखीत एका पोराचं असंच झालं.

२. तीन रस्ते, त्यातला तुमचा कोणता?

पहिला रस्ता आपल्या राज्य मंडळाचा, म्हणजे पुण्याच्या बोर्डाचा. शाळेत न जाता खाजगी विद्यार्थी म्हणून बसायचं, त्यासाठी फॉर्म नंबर १७. परीक्षा तीच, पेपर तेच, शाळेतल्या पोरांसोबतच. मराठवाड्यात दोन विभागीय मंडळं आहेत. छत्रपती संभाजीनगरकडे संभाजीनगर, जालना, बीड, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे येतात, तर लातूरकडे लातूर, नांदेड आणि धाराशिव. तुमचं काम कुठे अडलं तर दार कोणाचं वाजवायचं, हे यावरून ठरतं. आंबाजोगाईचा माणूस जवळ पडतं म्हणून लातूरला जातो आणि हात हलवत परत येतो, कारण बीड जिल्हा संभाजीनगरकडे आहे.

दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, लोक त्याला एनआयओएस म्हणतात. ही केंद्र सरकारची संस्था १९८९ पासून चालते. वय १४ पूर्ण हवं. पाच विषय पास झाले की दहावी, आणि त्यात एक तरी भाषा लागते. पास व्हायला ३३ टक्के. प्रवेश पाच वर्षं टिकतो, त्या काळात एकेक विषय काढत जाता येतो. वर्षातून दोन परीक्षा असतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. दहावीला मराठी माध्यमही आहे. ज्यांच्याकडे शाळेचा एकही कागद नाही त्यांच्यासाठी हा रस्ता मोलाचा आहे, कारण इथे जन्मतारखेचा पुरावा आणि 'मला अभ्यासापुरतं लिहिता-वाचता येतं' असं स्वतःचं लेखी निवेदन देऊन दहावीला प्रवेश मिळू शकतो.

तिसरा रस्ता महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाचा. दुसरी-तिसरीतच शाळा सुटलेल्यांना तिथे पाचवीच्या आणि आठवीच्या तोडीची परीक्षा देता येते. एकदम दहावीवर उडी मारायची भीती वाटत असेल, तर आधी ही पायरी चढा. त्यात कमीपणा काही नाही.

माझं मत विचाराल तर ज्यांनी सातवी-आठवीपर्यंत शाळा केली आहे आणि जे फेब्रुवारी-मार्चमध्ये गावात असतात, त्यांनी सतरा नंबर भरावा. पुस्तकं घरोघर मिळतात, शेजारचं पोरगं अडलेलं सांगू शकतं, शिक्षक ओळखीचे असतात.

पण तुमचं घर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जात असेल तर गणित वेगळं आहे. दसरा-दिवाळीला टोळी निघते आणि पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, माणसं परततात ती मार्चअखेर, कधी एप्रिलात. बोर्डाची तोंडी आणि प्रात्यक्षिकं त्याआधीच होतात, लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असली की टोळीचा मुकादम मधेच सोडत नाही, सोडलं तरी सांगली-कोल्हापूरहून येण्याजाण्यात खाडे पडतात. अशांनी एनआयओएसची एप्रिल-मेची परीक्षा धरावी. तिचं घरी लिहायचं गृहकार्य, ज्याला २० टक्के गुण असतात, ते कोपीवरही (ऊसतोडीच्या झोपडीतही) लिहिता येतं. फक्त ते जमा करायची शेवटची तारीख हंगामाच्या मधोमध येते. म्हणून निघण्याआधीच ते पूर्ण करून अभ्यासकेंद्रावर कसं पोचवायचं ते विचारून ठेवा, आणि प्रात्यक्षिकाचे विषय शक्यतो कमी निवडा.

३. कागद : इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या

सतरा नंबरसाठी साधारण हे लागतं :

- शाळा सोडल्याचा मूळ दाखला (टीसी)
- तो हरवला असेल तर शाळेकडून दुय्यम प्रत आणि सोबत प्रतिज्ञापत्र
- आधार कार्ड
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- स्वतःचा चालू मोबाईल नंबर आणि ईमेल
- दिव्यांग असाल तर त्याचं प्रमाणपत्र

यादी छोटी आहे, पण दाखल्याला तीन महिने लागू शकतात. माझे तर चार गेले. जून लागायच्या आत शेवटच्या शाळेत जा. शिपायाला विचारून परतू नका, मुख्याध्यापकांच्या नावाने लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. अर्जात कोणत्या वर्षी कोणत्या वर्गात होतात ते लिहा, कारण तुमची नोंद शोधायची असते ती शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये. वर्ष आठवत नसेल तर सोबत शिकलेल्या कुणाचा तरी दाखला पाहा, त्यावरून अंदाज येतो. शाळा बंद पडली असेल तर केंद्रप्रमुखांना भेटा, नाहीतर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा. रेकॉर्ड कुठल्या शाळेत हलवलं ते तिथून कळतं.

"बोनाफाईड देतो, चालेल" असं कुणी म्हणालं तर घेऊ नका. सतरा नंबरला दाखलाच लागतो.

दाखला हातात आला की उभ्या उभ्या वाचा. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात. माझ्या दाखल्यावर जन्माचा महिना चुकला होता आणि तो मी घरी येऊन आठ दिवसांनी पाहिला. शाळा सोडून गेलेल्याची नोंद दुरुस्त करायची म्हणजे शाळेमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव जातो आणि त्याला महिने लागतात. चूक लहान असेल तर निदान ती आधी कळलेली बरी.

बायांसाठी वेगळं सांगते. दाखल्यावर माहेरचं नाव असतं, आधारवर सासरचं. परीक्षेचा फॉर्म भरताना दाखल्यावर आहे तसंच नाव टाका. सासरचं नाव टाकलं तर तपासणीत अर्ज अडकतो. पुढे कुठेही दोन नावं का असं विचारलं, तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद दाखवता येते. ज्यांची विवाह नोंदणी झालेली नाही त्यांनी ती याच काळात ग्रामपंचायतीत करून घ्यावी.

मूळ दाखला संपर्क केंद्राच्या शाळेत, म्हणजे अर्जात तुम्ही निवडलेल्या शाळेत, जमा होतो. त्याआधी त्याच्या चार-पाच झेरॉक्स काढा, साक्षांकित करून घ्या आणि मोबाईलमध्ये स्पष्ट फोटो ठेवा.

४. फॉर्म भरणे, आणि सगळ्यात मोठी फसगत

सतरा नंबरची नोंदणी बोर्डाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन असते, पुढच्या वर्षाच्या परीक्षेसाठी आदल्या पावसाळ्यातच सुरू होते. तारखा दर वर्षी जाहीर होतात, वर्तमानपत्रात येतात, जवळच्या हायस्कूलमध्येही कळतात. जून लागला की दर आठवड्याला विचारत राहा. मुदत संपल्यावर विलंब शुल्क भरून काही दिवस मिळतात, पण त्यावर विसंबू नका.

अर्जात तालुक्यातल्या शाळांची यादी येते, त्यातली एक संपर्क केंद्र म्हणून निवडायची. ही निवड नंतर बदलत नाही. म्हणून एसटीने सहज जाता येईल अशी शाळा घ्या आणि निवडण्याआधी एकदा तिथल्या लिपिकांना भेटून या. वर्षभर तुमचा संबंध त्यांच्याशीच येणार आहे. शुल्क ऑनलाइन भरायचं, पावती आणि अर्जाच्या प्रती छापायच्या, मूळ कागदांसह मुदतीत त्या शाळेत द्यायच्या. ऑनलाइन भरला म्हणजे झालं असं समजून घरी बसलेले मी पाहिले आहेत. कागद शाळेत पोचले नाहीत तर नोंदणी होत नाही.

आता ज्याने माझं एक वर्ष गेलं ते. सतरा नंबर ही फक्त नावनोंदणी आहे. परीक्षेचा अर्ज वेगळा असतो, त्याची फी वेगळी असते, आणि तो पुढे दिवाळीच्या आसपास संपर्क केंद्रामार्फत भरायचा असतो. मला हे कुणी सांगितलं नाही. मी नावनोंदणी करून जानेवारीपर्यंत मन लावून अभ्यास केला, हॉल तिकीट आणायला शाळेत गेले, तर यादीत नावच नव्हतं. त्या दिवशी एसटी स्टँडवर बसून मी खूप रडले. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सांगते, ऑक्टोबर लागला की दर आठवड्याला शाळेत फोन करा. अर्ज भरल्यावर त्याची छापील प्रत मागून घ्या आणि विषय नीट तपासा. मराठी माध्यमात मराठी प्रथम भाषा, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे. हिंदी संपूर्ण घ्या. हिंदी-संस्कृत असा जोड विषय चुकून निवडला गेला तर ऐन वेळी संस्कृतचं पुस्तक शोधत बसावं लागतं.

त्याच भेटीत विचारा, "आमची तोंडी, प्रात्यक्षिक आणि अंतर्गत गुणांचं काम कधी?" प्रत्येक विषयाच्या १०० गुणांतले २० शाळेत मिळतात. खाजगी विद्यार्थी हे गुण आपलेच नाहीत असं समजून जातच नाहीत. प्रात्यक्षिकाची वही, गृहपाठ, तोंडी परीक्षा जे काही सांगतील ते करा. ज्याचं गाडं लेखीत अडतं त्याला हे गुण तारतात.

५. दलाल आणि खोटी बोर्डं

"घरबसल्या दहावी, एका महिन्यात मार्कमेमो (गुणपत्रिका)", असं सांगणारे तालुक्याच्या प्रत्येक गावात भेटतात. मोठमोठ्या नावांच्या बोर्डांची चकचकीत सर्टिफिकेटं देतात. नोकरीत कागदांची पडताळणी होते तेव्हा ती टिकत नाहीत. पैसे जातात, वर्षं जातात, वर गुन्हाही दाखल होऊ शकतो. राज्य मंडळ, एनआयओएस आणि राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ, या तिघांपलीकडचं कुणी काही सांगितलं तर आधी जिल्हा परिषदेतल्या माध्यमिक शिक्षण विभागात विचारा.

दुसरे असतात ते "सेंटर सेट आहे, पेपर लिहून मिळेल" म्हणणारे. १९८२ च्या कायद्याने परीक्षेतला गैरप्रकार हा गुन्हा आहे. पकडलं तर निकाल रद्द होतो आणि पुढच्या परीक्षेलाही बंदी येऊ शकते. ज्या वयात आपण पुन्हा पेन धरतो त्या वयात हा धोका घेण्याजोगा नाही. शिवाय ३५ गुण स्वतःच्या हाताने मिळतात, ते कसे ते खाली लिहिलंय.

आणखी एक गैरसमज. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची 'पूर्वतयारी' केली म्हणजे दहावी झाली, असं अनेकजण समजतात. ती दहावी नव्हे. दहावी मागणाऱ्या ठिकाणी ती दाखवून काम होत नाही.

६. पुस्तकं

दहावीची चालू पाठ्यपुस्तकं २०१८ ला आली. माळ्यावरची त्याआधीची जुनी पुस्तकं काढू नका, अभ्यासक्रम वेगळा आहे. मंडळाने पुस्तकं पुन्हा बदलली आहेत का, एवढं फॉर्म भरताना शाळेत विचारून घ्या. मराठी माध्यमाला मराठीचं पुस्तक 'कुमारभारती' लागतं. दुकानदार कधी 'अक्षरभारती' हातात देतो, ते दुसऱ्या माध्यमाच्या मुलांचं आहे. बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळी पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, पण मोबाईलवर वाचून आपल्या वयाला लक्षात राहत नाही, असा माझा अनुभव. निकाल लागला की पास झालेल्या पोरांकडून निम्म्या किमतीत संच घ्या. त्यांच्या खुणा केलेल्या असतात, त्याही कामाला येतात.

गाईड एकच घ्या. चार घेतले तर एकही पूर्ण होत नाही.

७. अभ्यास : सहा महिने, रोज दीड तास

शाळेतली मुलं दिवसभर अभ्यासात असतात, आपल्याला पहाटे किंवा रात्री जेवणं झाल्यावरचा वेळ मिळतो. तो पुरतो. मात्र पहिला महिना हात वळवायला द्या. पंधरा-वीस वर्षांत सहीपलीकडे काही न लिहिलेल्या हाताला तीन तासांचा पेपर झेपत नाही. माझी बोटं पहिल्या अर्ध्या तासात आखडायची. रोज एक पान मराठीच्या पुस्तकातलं बघून लिहा, आठ दिवसांनी दोन पानं. दिवाळीपर्यंत सलग दीड तास लिहिता आलं पाहिजे.

गणित. यालाच सगळे भितात, म्हणून यावरच जास्त सांगते. गणिताचे दोन पेपर असतात, भाग १ बीजगणित आणि भाग २ भूमिती, प्रत्येकी ४० गुण आणि दोन तास. पेपरची घडण नीट पाहा. पहिला प्रश्न ८ गुणांचा, त्यात पर्याय निवडायचे आणि एकेका गुणाची लहान उदाहरणं. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात 'कृती पूर्ण करा' असं मिळून ७ गुणांचं येतं. तिथे उदाहरण अर्धं सोडवलेलंच असतं, आपण चौकटी भरायच्या. म्हणजे ४० पैकी १५ गुण पूर्ण उदाहरण न सोडवता मिळण्यासारखे आहेत. म्हणून पाठ्यपुस्तकातल्या चौकटीच्या कृती सगळ्यात आधी करा, त्या पुन्हा पुन्हा करा.

धडे निवडताना आपल्या जगण्यातले आधी घ्या. बीजगणितात 'अर्थनियोजन' हा धडा जीएसटी आणि शेअर्सचा आहे. दुकान चालवणाऱ्याला, बचत गटाचा हिशेब लिहिणाऱ्याला तो दोन दिवसांत कळतो. सांख्यिकीतला मध्य, मध्यक आणि बहुलक, संभाव्यता, अंकगणिती श्रेढी हे त्यानंतर. वर्गसमीकरणं शेवटी. भूमितीत पायथागोरसचं प्रमेय, निर्देशक भूमिती आणि भौमितिक रचना घ्या. रचना म्हणजे कंपासने काढायची आकृती, सरावाने हमखास येते. पाढे विसरले असाल तर वीसपर्यंत पुन्हा पाठ करा. भाकरी थापताना माझे पाढे झाले.

इंग्रजी. धडे पाठ करू नका. पेपर कृतिपत्रिकेच्या रूपात असतो, उतारा तिथेच दिलेला असतो आणि बरीच उत्तरं उताऱ्यातच असतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, ती ओळ नीट उतरवायची. पत्र, संवाद आणि आकृतीवरून परिच्छेद, या तिन्हींचे साचे पक्के करा.

मराठी आणि हिंदी सोप्या समजून मागे टाकू नका. उपयोजित लेखन, म्हणजे पत्र, बातमी, जाहिरात, कथा, निबंध, यात आपल्या अनुभवाचं सोनं होतं. दुष्काळावर, टँकरवर, बाजाराच्या दिवसावर पंधरा वर्षांच्या पोरापेक्षा आपण नक्कीच जास्त खरं लिहू शकतो.

विज्ञानाचेही दोन भाग. मला दुसरा सोपा गेला. आनुवंशिकता, सजीवांतील जीवनप्रक्रिया, पर्यावरण, आपत्ती व्यवस्थापन, सामाजिक आरोग्य. त्यात भक्कम गुण घ्या आणि पहिल्या भागातली भिंगं, उष्णता, गुरुत्वाकर्षण यांच्या व्याख्या आणि आकृत्या तरी करा. आकृतीला नावं द्यायला विसरू नका. भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे, नकाशे रोज पाहिले की लक्षात राहतात. राज्यशास्त्रातली निवडणूक प्रक्रिया मतदान करणाऱ्या माणसाला नवीन नसते.

डिसेंबरपासून दर रविवारी घड्याळ लावून एक जुना पेपर सोडवा. शेजारच्या शिक्षकांना तपासायला द्या. लाजू नका, मागितलं तर बहुतेक शिक्षक आनंदाने तपासून देतात.

८. परीक्षेचे दिवस

हॉल तिकीट संपर्क केंद्रातून घ्या, त्यावर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का पाहा, नाव आणि विषय पुन्हा तपासा. केंद्र आदल्या दिवशी बघून या. सकाळच्या सत्राचा पेपर अकराला असतो, पण साडेदहालाच आत असायला हवं. एसटीचा भरवसा धरू नका, एक गाडी आधीची पकडा. दिव्यांग विद्यार्थ्यांना जादा वेळ आणि लेखनिक मिळतो, मात्र त्याची मागणी परीक्षेच्या अर्जातच करावी लागते.

पोरांच्या रांगेत आपण एकटेच मोठे असतो. पहिल्या पेपरला एका पर्यवेक्षकाने मला पालक समजून बाहेर थांबायला सांगितलं. हॉल तिकीट दाखवल्यावर तेच बाकापर्यंत सोडायला आले.

९. निकालानंतर

पास झालात तर गुणपत्रिका संपर्क केंद्रातून घ्या, डिजिलॉकरमध्येही ती उतरवून ठेवा. गुण अगदी थोडक्यात गेले असं वाटलं तर गुणपडताळणी आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. छायाप्रत हातात आल्याशिवाय पुनर्मूल्यांकन मागता येत नाही, आणि यालाही थोडेच दिवस असतात.

एक-दोन विषय राहिले तर फक्त तेच विषय घेऊन पावसाळ्यातल्या पुरवणी परीक्षेला बसता येतं. दोनपर्यंत विषय राहिलेल्यांना एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय पुढे काढायच्या अटीवर, अकरावीला प्रवेशही मिळतो. पुरवणीचे अर्ज निकालानंतर लगेच सुरू होतात आणि मुदत फार लहान असते. माझं गणित राहिलं तेव्हा घरचे म्हणाले, चार दिवस जाऊ दे, मन शांत होऊ दे. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने शाळेत गेले आणि अर्ज भरून आले. तुम्हीही तसंच करा, गणिताची वही सोबत घेऊन जा, परतीच्या गाडीत एक धडा होतो.